दगड नसलेला गड

किल्ला म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काळ्या दगडाचा तट, उंच दरवाजा, बुरूज, एखादी तोफ. सुट्टीत भारतात गेल्यावर सिंहगड किंवा पन्हाळा बघितला असेल, तर हेच चित्र मनात बसलेलं असणार. आता तुम्हाला कोणी सांगितलं, की ऑकलंड शहराच्या मधोमध एक मोठा गड आहे आणि तुमच्यापैकी कितीतरी जण त्याच्यावर चढून, फोटो काढून परतही आले आहेत, तर? तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय! तिथे एक तरी भिंत आहे का?"

भिंत नाही. दरवाजाही नाही. पण गड आहे, आणि त्या गडावर एक मोठं गाव होतं. त्याचं नाव मौंगाकीएकीए. इंग्रजीत त्याला वन ट्री हिल म्हणतात. माओरी भाषेत 'मौंगा' म्हणजे डोंगर आणि 'कीएकीए' ही झाडांवर चढणारी एक वेल. म्हणजे नावाचा अर्थ झाला 'कीएकीए वेलीचा डोंगर'.

या धड्यात आपण तिथे एका दिवसाची सहल काढणार आहोत. वेलिंग्टन, हॅमिल्टन किंवा क्राइस्टचर्चला राहणाऱ्यांनी सध्या ही कागदावरची सहल समजा. ऑकलंडला याल तेव्हा खरी करा.

पाच प्रश्न खिशात ठेवा

डोंगरावरचं जुनं गाव बघताना नुसतं "वा, किती छान दिसतंय!" म्हणून भागत नाही. काही प्रश्न विचारावे लागतात. मी हे पाच प्रश्न विचारतो:

१. लोक इथेच का राहिले?
२. शत्रूपासून राखण कशी करायचे?
३. काय खायचे, आणि ते कुठे साठवायचे?
४. पाणी कुठून आणायचे?
५. गाव रिकामं का झालं?

हे प्रश्न जगातल्या कुठल्याही जुन्या डोंगरी गावाला विचारता येतात. आपण ते मौंगाकीएकीएला विचारू आणि जोडीला महाराष्ट्रातल्या पन्हाळ्यालाही विचारू. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब आहेत. तिथल्या लोकांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नव्हतं. पण त्यांच्या अडचणी सारख्याच होत्या, हे तुमच्या लक्षात येईल.

आधी एक शब्द समजून घेऊ: मध्ययुग. खूप प्राचीन काळ आणि आजचा आधुनिक काळ यांच्या मधला काळ म्हणजे मध्ययुग. पन्हाळा हा मध्ययुगातला गड आहे. शिलाहार घराण्यातला राजा दुसरा भोज याने तो बांधला. तो काळ साधारण ११७८ ते १२०९ चा. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत, म्हणजे तेराव्या शतकात, पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरून माओरी लोकांचे पूर्वज मोठ्या होड्यांतून या देशात आले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याआधी इथे माणूसच राहत नव्हता. पुढे लोकसंख्या वाढली, चांगल्या जमिनीसाठी भांडणं होऊ लागली, आणि साधारण पाचशे वर्षांपूर्वीपासून डोंगरांवर तटबंदीची गावं उभी राहू लागली. अशा गावाला माओरी भाषेत 'पा' म्हणतात. मौंगाकीएकीए हे ऑकलंडमधल्या सर्वांत मोठ्या पांपैकी एक.

सकाळी: लांबूनच बघा

ट्रेनने गेलात तर ग्रीनलेन स्टेशनवर उतरा आणि चालत कॉर्नवॉल पार्कमध्ये शिरा. गाडीने गेलात तर गाडी खालीच लावा, कारण आता शिखरापर्यंत गाडी नेता येत नाही. चांगले बूट घाला. वर वारा भन्नाट असतो, म्हणून जॅकेट हवंच. डब्यात काय न्यायचं ते मी जरा वेळाने सांगतो.

पार्कमध्ये मेंढ्या चरताना दिसतील. वसंत ऋतूत गेलात तर छोटी कोकरंही दिसतील. त्यांच्या मागे धावू नका. हा पार्क म्हणजे चालू शेतीच आहे, आणि आई मेंढीला तुमची गंमत कळत नाही.

आता थांबा आणि डोंगराकडे लांबूनच नीट बघा. उतार सरळ गुळगुळीत आहे का? नाही. त्याच्यावर पायऱ्या दिसतील. एकावर एक, डोंगराला वळसा घालत गेलेल्या रुंद पायऱ्या. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरकं असतं, तेव्हा त्या जास्त स्पष्ट दिसतात.

तुम्ही दिवाळीत मातीचा किल्ला केला आहे का? आमच्या लहानपणी प्रत्येक वाड्यात आणि सोसायटीत व्हायचा. विटा-दगडांचा ढीग करायचा, त्याच्यावर पोतं टाकायचं, चिखल थापायचा, हाताने सपाट टप्पे करायचे आणि अळीव पेरून हिरवळ उगवायची. मौंगाकीएकीए लांबून अगदी तसाच दिसतो: दिवाळीतला किल्ला, पण १८२ मीटर उंच!

हे टप्पे पावसाने झालेले नाहीत. ते माणसांनी खोदलेले आहेत. शंभराहून जास्त आहेत. आणि खोदणाऱ्यांकडे लोखंड नव्हतं. फावडं नाही, कुदळ नाही, टिकाव नाही. 'को' नावाची लांब लाकडी खणायची काठी, दगडी हत्यारं, टोपल्या आणि हात. एवढ्यावर त्यांनी अख्ख्या डोंगराचा आकार बदलला. मातीचा एवढा मोठा किल्ला करायला किती माणसं आणि किती वर्षं लागली असतील, याचा विचार करा.

पहिला प्रश्न: इथेच का?

ऑकलंड शहर पन्नासच्या आसपास ज्वालामुखींवर वसलेलं आहे. मौंगाकीएकीए हा त्यांतलाच एक, साठ हजारांहून जास्त वर्षांपूर्वी फुटलेला. वर गेल्यावर त्याची तीन विवरं बघता येतात. त्यांतलं एक अजून वाटीसारखं अख्खं आहे. बाकी दोन एका बाजूने फुटली आहेत, कारण तिथून लाव्हा वाहून गेला.

ज्वालामुखीची माती सुपीक असते. काळी, भुसभुशीत, पाण्याचा निचरा करणारी आणि उन्हाने लवकर तापणारी. शेतीला एकदम छान. महाराष्ट्राची काळी माती आणि सह्याद्रीचा खडकही फार जुन्या लाव्हापासूनच झालेले आहेत. म्हणजे पन्हाळा आणि मौंगाकीएकीए, दोघांच्याही पायाखाली लाव्हाच!

दुसरं कारण वर चढल्यावर दिसतं. एका बाजूला मनुकाऊ बंदर, दुसऱ्या बाजूला वाइतेमाता बंदर. दोन समुद्र, आणि मधे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. ओताहुहूजवळ तर ही पट्टी इतकी अरुंद आहे, की लोक होडी सुमारे एक किलोमीटर जमिनीवरून ओढत नेऊन दुसऱ्या समुद्रात सोडायचे. दोन्हीकडे मासे आणि शिंपले, मधे सुपीक जमीन. अशी जागा कोणाला नको असेल? म्हणूनच या भागाचं माओरी नाव आहे तामाकी मकाउराउ. अनेकांना हवीहवीशी वाटणारी तामाकी, असा त्याचा अर्थ सांगतात.

पन्हाळ्याचंही तसंच. कोकणातल्या बंदरांकडून घाटावर येणारा रस्ता त्याच्या परिसरातून जायचा. ज्याच्या हातात पन्हाळा, त्याच्या हातात त्या वाटेवरचा व्यापार. चांगली जागा सगळ्यांनाच हवी असते, म्हणून तर गड बांधावे लागतात.

दुसरा प्रश्न: राखण कशी?

आता टप्प्यांच्या मधून जाणाऱ्या वाटेने वर चला. वाट सोडू नका. का ते पुढे येईल.

मराठीत एक जुना शब्द आहे: मेढेकोट. जाड लाकडी खांब जमिनीत एकमेकांशेजारी पुरून केलेला तट म्हणजे मेढेकोट. मौंगाकीएकीएवर तसेच मेढेकोट होते. टप्प्याच्या कडेला खांबांची रांग. काही ठिकाणी तिच्या पुढे खंदक. खंदकातली माती उचलून आतल्या बाजूला टाकायची, म्हणजे एकाच कामात खड्डा खोल होतो आणि बांध उंच होतो. शत्रू खालून आला तर त्याला खंदकात उतरावं लागणार, बांध चढावा लागणार, आणि वर खांबांची रांग. तोपर्यंत वरून दगड आणि भाले!

एक टप्पा पडला तरी त्याच्या वरचा टप्पा लढायला उभा. सगळ्यात वर शिखर. माओरी भाषेत त्याला 'तिही' म्हणतात. आपल्या गडांवर सर्वांत उंच, सर्वांत सुरक्षित भागाला बालेकिल्ला म्हणतात. तिही ही साधारण तशीच जागा, आणि मानाचीही जागा.

मग हे सगळं गेलं कुठे? लाकूड कुजलं. पन्हाळ्याचा तट दगडाचा म्हणून टिकला. मौंगाकीएकीएचा तट लाकडाचा, म्हणून तो मातीत मिसळून गेला. पण टप्पे, खंदक आणि खड्डे मातीतच होते, ते राहिले. म्हणजे इथला किल्ला वाचायचा तर भिंती शोधायच्या नाहीत, जमिनीचे चढउतार बघायचे.

तिसरा प्रश्न: काय खायचे, कुठे साठवायचे?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. आता डबा उघडा. सहलीला उकडलेली रताळी न्या असं मला सांगायचं होतं. इथे दुकानात त्यालाच कुमरा म्हणतात.

रताळं म्हटलं की आपल्याला उपास आठवतो. महाशिवरात्र, एकादशी, रताळ्याचा कीस, तुपात परतलेले रताळ्याचे काप. हे रताळं मूळचं अमेरिका खंडातलं. युरोपातल्या लोकांनी पॅसिफिकमध्ये पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधी ते पॉलिनेशियातल्या बेटांवर पोहोचलं होतं. तिथून माओरींच्या पूर्वजांनी ते होडीत घालून इथे आणलं. भारतात ते पुढच्या काळात युरोपीय जहाजांमधून आलं. एकच कंद, दोन वेगवेगळ्या वाटांनी फिरला आणि शेवटी तुमच्या डब्यात आला!

पण इथे एक मोठी अडचण होती. मूळ बेटांवर वर्षभर ऊब असते. तिथे रताळं जमिनीतच ठेवलं, हवं तेव्हा काढलं, हवं तेव्हा पुन्हा लावलं, तरी चालतं. न्यूझीलंडमध्ये हिवाळा येतो, दव गोठतं, आणि जमिनीतला कंद सडतो. सगळे कंद सडले तर हिवाळ्यात खायला काही नाही, आणि वसंतात लावायला बेणंही नाही. बेणं म्हणजे पुढच्या पिकासाठी राखून ठेवलेले कंद. बेणं गेलं की पीक कायमचं गेलं.

म्हणून माओरींनी साठवणीचे खड्डे केले. डोंगराच्या टप्प्यावर चौकोनी खड्डा खणायचा. वर लाकडाचं आणि गवताचं छप्पर. भोवती छोटा बांध किंवा चर, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकात पाणी झटकन मुरतं, त्यामुळे खड्डा कोरडा राहतो. जमिनीच्या आत फार थंडी नाही आणि फार ऊबही नाही. कंद महिनोन्महिने टिकतात. तेव्हाचा कुमरा आजच्यासारखा मोठा लाल नव्हता. तो बारीक असायचा, बोटाएवढा. आज मिळणाऱ्या मोठ्या जाती नंतर आल्या.

अशा खड्ड्याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: पेव. धान्य साठवायला जमिनीत खणलेली खोल जागा म्हणजे पेव. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध होती. व्यापारी जमिनीखाली हळद साठवायचे आणि भाव चांगला आला की बाहेर काढायचे. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. एखादी गोष्ट अचानक खूप दिसू लागली, की आपण म्हणतो, "सध्या नव्या कॅफेंचं पेव फुटलंय!"

मौंगाकीएकीएच्या टप्प्यांवर तुम्हाला चौकोनी खोलगट जागा दिसतील. त्यांतल्या बऱ्याचशा म्हणजे कुमऱ्याची पेवं. आजूबाजूच्या मातीत शिंपल्यांचे पांढरे तुकडेही दिसतात. समुद्रावरून आणलेले शिंपले खाऊन लोकांनी टरफलं उतारावर टाकली होती. कोणाचं तरी पाचशे किंवा तीनशे वर्षांपूर्वीचं जेवण!

पन्हाळ्यावर हेच काम अंबरखाना करतो. तिथे धान्याची तीन मोठी दगडी कोठारं आहेत: गंगा, यमुना आणि सरस्वती. गंगा कोठीत सुमारे पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. खंडी हे जुनं मोठं माप. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा शिवाजी महाराज जवळजवळ चार महिने गडावर अडकले होते. तट कितीही मजबूत असो, कोठार रिकामं असतं तर चार महिने काढता आले नसते. मी कॉम्प्युटरच्या कामात आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: कोठार म्हणजे गावाचा बॅकअप. सगळं नीट चालू असतं तेव्हा त्याची आठवण कोणाला येत नाही. संकट आलं की तोच वाचवतो.

चौथा प्रश्न: पाणी कुठून?

खड्डा कोरडा ठेवणारा तो सच्छिद्र खडक आता उलटा त्रास देतो. पाऊस पडला की पाणी खाली मुरून जातं. डोंगरावर विहीर खणून उपयोग नाही. मुरलेलं पाणी लाव्हाच्या थरांतून वाहत दूर जातं आणि ओनेहुंगाजवळ झऱ्यांच्या रूपात बाहेर येतं. त्या जमिनीखालच्या पाण्याचा ऑकलंड शहराने पुढे नळाच्या पाण्यासाठीही वापर केला.

म्हणजे पाणी खालून वर वाहून न्यावं लागे. कशात? माओरी लोकांकडे मातीची मडकी नव्हती. ते 'हुए' नावाचा भोपळा लावायचे. तो वाळवून आतून पोकळ केला की पाण्याचं भांडं तयार. हा हुए म्हणजे आपला दुधी भोपळा, त्याच जातीचं फळ! भारतातही वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा पाणी ठेवायला वापरायचे. आज रात्री घरी दुधीची भाजी असेल आणि तुम्ही तोंड वाकडं करत असाल, तर हे आठवा.

पन्हाळ्यावर पाण्याची सोय गडावरच होती. अंधार बाव नावाची तीन मजली विहीर आहे. तिच्या वरच्या भागात पहारेकऱ्यांसाठी जागा आहे. शत्रूने पाण्यात विष टाकू नये म्हणून विहिरीलाच संरक्षण! वेढ्याच्या काळात मौंगाकीएकीएची कमजोर बाजू पाणी होती, तर पन्हाळ्याची ती भक्कम बाजू होती.

पाचवा प्रश्न: गाव रिकामं का झालं?

अठराव्या शतकात मौंगाकीएकीए हे वाइओहुआ लोकांचं मुख्य ठिकाण होतं. त्यांच्या प्रमुखाचं नाव होतं किवी तामाकी. ते वर्षभर एकाच ठिकाणी राहत नसत. माशांचा, पक्ष्यांचा, शेतीचा हंगाम बघून आपल्या वेगवेगळ्या ठिकाणी राहायला जायचे. त्या शतकाच्या मध्याला उत्तरेकडच्या न्गाती फातुआ लोकांशी त्यांचं युद्ध झालं. किवी तामाकी लढाईत मारले गेले आणि तामाकी न्गाती फातुआंच्या हातात आलं. जिंकणाऱ्यांनी समुद्राजवळच्या जागा जास्त पसंत केल्या. हळूहळू डोंगरावरची वस्ती संपली. पुढे १८२० च्या दशकात बंदुका घेऊन हल्ले झाले, तेव्हा तर हा सगळा भाग काही वर्षं जवळजवळ ओस पडला होता.

पन्हाळ्याचं वेगळं झालं. तो कोल्हापूर राज्याची राजधानी होता. १७८२ मध्ये राजधानी खाली कोल्हापूर शहरात गेली. पण पन्हाळ्यावरचं गाव संपलं नाही. आजही तिथे घरं आहेत, शाळा आहे, नगरपरिषद आहे, झुणका-भाकर मिळते. मौंगाकीएकीएवर आता कोणी राहत नाही. पण तिथे राहिलेल्या लोकांचे वंशज आजही ऑकलंडमध्ये आहेत, आणि हा डोंगर त्यांना आपला पूर्वज वाटतो. हे विसरून चालणार नाही.

शिखरावर: एका झाडाची गोष्ट

वर पोहोचलात? आधी दम घ्या. समोर रांगितोतो बेट दिसेल. तो ज्वालामुखी सुमारे सहाशे वर्षांपूर्वी फुटला, तेव्हा शेजारच्या मोतुतापु बेटावर माणसं राहत होती. त्यांच्या आणि त्यांच्या कुत्र्यांच्या पावलांचे ठसे राखेत सापडले आहेत.

आता मागे वळून बघा. नाव 'वन ट्री हिल', म्हणजे एका झाडाची टेकडी. मग ते एक झाड कुठे आहे?

माओरी परंपरा सांगते, की शिखरावर एक तोतारा वृक्ष होता. एका मुलाच्या जन्माच्या वेळी तो लावला गेला होता. त्यामुळे या डोंगराला 'ते तोतारा-इ-आहुआ' असंही नाव आहे. युरोपातून आलेल्या लोकांनी वसाहत केली, त्या काळात शिखरावर एकच देशी झाड उरलं होतं. १८५२ मध्ये तेही तोडलं गेलं. नंतर जॉन लोगन कॅम्पबेल यांनी तिथे पाइनची झाडं लावली. कॅम्पबेल हे ऑकलंडचे मोठे व्यापारी. खालचा पार्क त्यांनीच १९०१ मध्ये लोकांना दिला. त्यांची समाधीही शिखरावरच आहे. त्यांच्या पाइनपैकी शेवटी एकच उरलं आणि शहराची ओळख बनलं.

१९९४ मध्ये एका माओरी कार्यकर्त्याने त्या पाइनवर करवत चालवली. माओरी लोकांवर झालेल्या अन्यायाकडे सरकारने लक्ष द्यावं, म्हणून. खूप जणांना राग आला. खूप जण विचारातही पडले: पाइन तोडलं म्हणून आपल्याला एवढं वाईट वाटतं, मग आधीचं झाड तोडलं तेव्हा त्या लोकांना काय वाटलं असेल? १९९९ मध्ये पुन्हा तसाच हल्ला झाला, आणि २००० मध्ये ते झाड काढून टाकावं लागलं. मग सोळा वर्षं 'एका झाडाच्या टेकडी'वर एकही झाड नव्हतं. २०१६ मध्ये तिथे तोतारा आणि पोहुतुकावाची रोपं लावली.

शिखरावर जो उंच स्तंभ आहे, तो माओरी लोकांच्या सन्मानासाठी कॅम्पबेल यांच्या इच्छेने उभारला. त्या काळी बऱ्याच युरोपीय लोकांना वाटायचं, की माओरी लोक एक दिवस नाहीसे होतील. तसं झालं नाही. स्तंभ १९४० मध्ये पूर्ण झाला, पण तेव्हा महायुद्ध चालू होतं. रक्त सांडत असताना असा समारंभ करायचा नाही, या माओरी प्रथेचा मान ठेवून त्याचं अनावरण १९४८ मध्ये झालं.

२०१४ च्या एका कायद्याने मौंगाकीएकीएसकट ऑकलंडच्या चौदा डोंगरांची मालकी तेरा माओरी समूहांकडे परत आली. आता ते समूह आणि ऑकलंड काउन्सिल मिळून डोंगरांची काळजी घेतात.

उतरताना

मघाशी मी म्हटलं, वाट सोडू नका. आता कारण सांगतो. पन्हाळ्याच्या दगडावर कोणी बूट आपटला तर दगडाला काही होत नाही. इथे किल्लाच मातीचा आहे. शॉर्टकट म्हणून शंभर जण टप्प्याच्या कडेवरून घसरत उतरले, तर ती कड ढासळते. खड्ड्यात उड्या मारल्या तर पेव बुजतं. आणि एकदा बुजलेलं पेव पुन्हा खणून खरं होत नाही. गडावर दगडावर नाव कोरणाऱ्याला आपण रागावतो ना? इथे वाट सोडून चालणं तसंच आहे, फक्त ते दिसत नाही. शिंपल्याचा तुकडाही घरी आणू नका. तो जिथे आहे, तिथेच त्याची गोष्ट आहे.

पुढच्या वेळी भारतात गेलात तर एक दिवस पन्हाळ्यासाठी ठेवा. कोल्हापूरपासून तो साधारण वीस किलोमीटरवर आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्यांत पन्हाळाही आहे. तीन दरवाजा बघा, अंबरखान्यात आवाज घुमवून बघा, अंधार बावेत डोकवा. आणि तेच पाच प्रश्न विचारा. बरोबरच्या काकांना किंवा मामांना हेही सांगा, की आमच्या न्यूझीलंडमध्येही एक गड आहे, त्याला दगड नाहीत, पण पेवं आहेत. बघा ते काय म्हणतात!

शब्दार्थ

तट: किल्ल्याभोवतीची भिंत
मेढेकोट: लाकडी खांबांचा तट
खंदक: शत्रूला अडवायला खणलेला लांब, खोल चर
बालेकिल्ला: गडाचा सर्वांत उंच आणि सुरक्षित भाग
पेव: साठवणीसाठी जमिनीत खणलेली जागा
बेणं: पुढच्या पिकासाठी राखून ठेवलेले कंद
सच्छिद्र: बारीक भोकं असलेला
वेढा: शत्रूने चारही बाजूंनी गड घेरणं
ओस पडणे: माणसं निघून गेल्यामुळे रिकामं होणं

सांगा पाहू

१. माओरी लोकांना कुमरा खड्ड्यात का साठवावा लागला? मूळ बेटांवर तशी गरज का नव्हती?
२. मौंगाकीएकीएचा खडक एका कामाला चांगला आणि दुसऱ्या कामाला वाईट होता. कसा?
३. पन्हाळ्याचा तट टिकला आणि मौंगाकीएकीएचा टिकला नाही. का?
४. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार वापरून दोन वाक्यं लिहा.

करून बघा

तुमच्या घराजवळचा एखादा डोंगर निवडा. त्याचं माओरी नाव आणि त्या नावाचा अर्थ शोधा. मग आजी किंवा आजोबांना फोन करून त्यांच्या गावाजवळचा डोंगर किंवा गड कुठला ते विचारा. दोन्ही ठिकाणांना पाच प्रश्न लावा आणि दहा ओळी लिहा. चुकलं तरी चालेल, पण मराठीतच लिहा.